सरबराईचे गाव: ब्रेटन वुड्स, १९४४

मराठ्यांच्या इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्या तहांनी राज्यांची भवितव्ये फिरली त्यांतील कित्येक तह राजधान्यांच्या नावांनी ओळखले जात नाहीत. वडगाव, सालबाई, देवगाव, सुर्जी-अंजनगाव अशा, एरवी ज्यांची नोंद पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तराबाहेर फारशी गेली नसती, अशा गावांची नावे त्यांना कायमची चिकटली आहेत. फौजांचे तळ जेथे पडले आणि वकिलांच्या राहुट्या जेथे उभ्या राहिल्या तेथे कलमे ठरली, मोहोरा उमटल्या. आणि तळ उठल्यावर गावाच्या वाट्यास एक नाव तेवढे राहिले. त्या दिवसांत दाणावैरण कोणी पुरविली, पाणी कोणी वाहिले, कोणाच्या शेतातून घोडी गेली, याचा उल्लेख मुत्सद्द्यांच्या खलित्यांत सहसा सापडत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील एका डोंगरी खोऱ्याच्या बाबतीत हेच घडले. ‘ब्रेटन वुड्स’ हे शब्द अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी आहेत. परंतु ते एका गावाच्या शिवारातील जागेचे नाव असून त्या गावाची वस्ती आजही एक हजाराच्या आत आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.

१ जुलै १९४४ पासून २२ जुलैपर्यंत, युरोपात आणि आशियात महायुद्ध पेटलेले असताना, या खोऱ्यातील एका हॉटेलात ४४ राष्ट्रांचे सुमारे ७३० प्रतिनिधी एकत्र राहिले आणि युद्धोत्तर जगाच्या चलनव्यवहाराची घडी त्यांनी बसविली. त्यांच्यात कोलाबा जिल्ह्यातील नाते या खेड्यात जन्मलेला एक मराठी गृहस्थही होता. त्या परिषदेत भारताने काय मागितले आणि त्यास काय मिळाले, ही हकीकत मी पुढे सांगणारच आहे. तथापि तिच्याकडे जाण्याची वाट त्या खोऱ्यातून जाते, आणि त्या वाटेने सावकाश जाणेच मला इष्ट वाटते.

न्यू हॅम्पशायर हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील एक लहानसे राज्य. त्याच्या उत्तर भागात व्हाइट माउंटन्स नावाची पर्वतराजी असून तिचे सर्वोच्च शिखर माउंट वॉशिंग्टन हे ६,२८८ फूट उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईहून ते हजार फुटांच्या आतबाहेरच उंच भरेल; परंतु त्याचे रौद्रत्व उंचीत नसून हवेत आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी त्याच्या माथ्यावरील वेधशाळेत ताशी २३१ मैल वेगाचा वारा मोजला गेला, आणि पुढे साठ वर्षांहून अधिक काळ तो जगातील उच्चांक मानला जात होता. आबेनाकी या मूळच्या रहिवाशांना हे शिखर पवित्र होते. ते त्यास अगिओकोचूक म्हणत. शिखराच्या पश्चिम पायथ्याशी, अमोनूसक नदीच्या काठाने, एक रुंद हिरवे खोरे पसरलेले आहे. हेच ब्रेटन वुड्स.

हे नाव तेथल्या मातीतून उगवलेले नाही. १७७२ साली, म्हणजे इकडे थेऊर येथे थोरल्या माधवरावांनी देह ठेविला त्याच वर्षी, न्यू हॅम्पशायरचा इंग्रज सुभेदार जॉन वेंटवर्थ याने या रानाची सनद आपल्या आप्तमंडळींस करून दिली आणि इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात त्या घराण्याचा ब्रेटन हॉल नावाचा जो वाडा होता त्याचे नाव या जमिनीस बहाल केले. सनद मिळविणाऱ्यांपैकी सर टॉमस वेंटवर्थ हा त्या वाड्याचा धनी. त्याचे इनाम सातासमुद्रापलीकडचे. पुढे अमेरिका स्वतंत्र झाली, आणि १८३२ साली गावाची रीतसर स्थापना झाली तेव्हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या चार्ल्स कॅरोलच्या स्मरणार्थ त्यास कॅरोल हे नाव मिळाले. जुने नाव एका कोपऱ्यास चिकटून राहिले. ज्या रानात ज्यांची पावले उमटली त्यांच्या भाषेत त्या रानाचे नाव सरकारी कागदावर कधीच चढले नाही, हे येथे नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

या खोऱ्यात प्रथम नांगर धरणाऱ्यांत क्रॉफर्ड नावाचे एक कुटुंब होते. जमीन खडकाळ, हिवाळा सहा महिन्यांचा, बाजारपेठ दूर. अशा ठिकाणी निव्वळ शेतीवर पोट भरणे कठीण, म्हणून एबल क्रॉफर्ड आणि त्याचा पुत्र ईथन यांनी वाटसरूंना उतरावयास जागा देणे आणि शिखरावर नेऊन आणणे हा जोडधंदा आरंभिला. १८१९ साली त्यांनी काढलेली पाऊलवाट आजही वापरात आहे. पण या खोऱ्याकडे लोकांचे पाय खऱ्या अर्थाने वळले ते एका दुर्घटनेमुळे. २८ ऑगस्ट १८२६ च्या रात्री मुसळधार पावसात क्रॉफर्ड खिंडीतला कडा कोसळला. खिंडीतील एका घरात सॅम्युएल विली, त्याची पत्नी, त्यांची पाच मुले आणि दोन गडी राहत होते. दरड येत असल्याची चाहूल लागताच ती नऊही माणसे जीव वाचविण्यासाठी घराबाहेर धावली आणि मातीखाली गाडली गेली. घरास मात्र धक्का लागला नाही, कारण मागच्या उंचवट्याने दरडीचा लोंढा दुभंगून तो घराच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला होता. उभे राहिलेले ते रिकामे घर पाहण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून माणसे येऊ लागली. चित्रकार आले, कथाकार आले, आणि त्यांच्यामागून भाडे मोजून खोली घेणारे प्रवासी आले. एका कुटुंबाच्या निर्वंशावर एका प्रदेशाचा व्यवसाय उभा राहिला, ही गोष्ट वाचताना मन उदास झाल्याशिवाय राहत नाही.

१८६९ मध्ये माथ्यापर्यंत दात्यांच्या रुळावरून चढणारी आगगाडी झाली. पर्वतावर चढणारी त्या जातीची ती जगातील पहिली गाडी. १८७५ मध्ये खिंडीतून मोठा लोहमार्ग आला आणि बॉस्टन-न्यूयॉर्कचे धनिक आपल्या पेट्या, नोकरचाकर व मुलाबाळांसह उन्हाळ्याचे उन्हाळे येथे काढू लागले. कोळसा व रेल्वे यांच्या व्यापारात अमाप पैसा मिळविलेला जोसेफ स्टिकनी हा त्यांच्यापैकीच एक. मूळचा तो न्यू हॅम्पशायरचाच. त्याने खोऱ्याच्या मध्यभागी माउंट वॉशिंग्टन हॉटेल बांधावयास घेतले, त्यासाठी अडीचशे इटालियन कारागीर आणविले, आणि २८ जुलै १९०२ रोजी ते उघडले. पांढऱ्या भिंती, तांबडे छप्पर, लांबच लांब ओसरी आणि मागे पर्वताची निळी भिंत, असा तो प्रासाद अद्याप उभा आहे. पुढच्याच वर्षी स्टिकनी वारला. हॉटेल उन्हाळ्यात उघडावयाचे आणि हिवाळ्यात कुलूप घालावयाचे, हा क्रम त्यानंतर जवळजवळ शतकभर चालला. १९९९ मध्ये प्रथम ते हिवाळ्यातही उघडे राहिले.

या क्रमाचा अर्थ गावच्या माणसास काय होता, हे समजून घेतले पाहिजे. डोंगरातील शेते ओस पडत चालली होती; तरुण पिढी गिरण्यांत किंवा पश्चिमेकडील सपाट, सुपीक जमिनीकडे निघून जात होती. जी माणसे मागे राहिली त्यांनी हिवाळ्यात लाकूड तोडावे आणि उन्हाळ्यात हॉटेलात राबावे, हा त्यांचा वर्षाचा हिशोब. कोणी तबेल्यात, कोणी धुलाईघरात, कोणी भटारखान्यात. मालक बदलत, प्रवासी बदलत, परंतु चादरी धुणारे हात त्याच परिसरातले असत. १९४२ मध्ये युद्धामुळे हॉटेल बंद पडले, आणि दोन उन्हाळे तो आधारही तुटला.

अशा बंद पडलेल्या हॉटेलात जगाची परिषद भरविण्याचे कारण काय? पहिले कारण प्रकृतीचे. ब्रिटनच्या शिष्टमंडळाचे अध्वर्यू जॉन मेनार्ड केन्स हे हृदयविकाराने जर्जर झाले होते, आणि जुलैच्या उकाड्यात आम्हांला राजधानी वॉशिंग्टनास नेऊ नका, अशी कळकळीची विनंती त्यांनी अमेरिकेच्या अर्थखात्यातील हॅरी डेक्स्टर व्हाइट यांना मे महिन्यात पत्राने केली होती. दुसरे कारण राजकारणाचे. जो करार होईल त्यास अमेरिकेच्या सेनेटची मंजुरी लागणार होती, आणि परराष्ट्रांच्या भानगडीत अमेरिकेने पडू नये असे म्हणणारे सभासद तेथे बलवान होते. न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन सेनेटर चार्ल्स टोबी हे त्या मताकडे झुकलेले होते आणि बँकिंग व चलनविषयक समितीत त्यांच्या शब्दास वजन होते. त्यांना अमेरिकन शिष्टमंडळात घेतले गेले आणि परिषद त्यांच्याच राज्यात नेली गेली. त्यांना त्या वर्षी निवडणुकीस उभे राहावयाचे होते, ही गोष्टही मुत्सद्द्यांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. एक वर्षाने, १९ जुलै १९४५ रोजी, सेनेटने ६१ विरुद्ध १६ मतांनी करार मान्य केला तेव्हा टोबी हे त्याच्या पुरस्कर्त्यांत होते. त्या निर्जन खोऱ्याची निवड किती विचारपूर्वक झाली होती, हे यावरून दिसते.

तिसरे कारण एकांताचे. एकच इमारत, भोवती रान, जवळ शहर नाही, संध्याकाळी उठून जावयास दुसरी जागा नाही. अशा ठिकाणी माणसे भांडली तरी सकाळी न्याहरीला एकमेकांसमोरच बसतात. परिषदेचे अध्यक्ष, अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री मॉर्गेंथाऊ, आणि करारांचे प्रमुख शिल्पकार व्हाइट हे दोघेही ज्यू होते. त्या काळी अमेरिकेतील कित्येक नामांकित विश्रामस्थानांच्या दारांतून ज्यूंना आत घेतले जात नसे, हे लक्षात ठेविले म्हणजे त्या प्रासादाच्या दिवाणखान्यात अध्यक्षाच्या आसनावर मॉर्गेंथाऊ बसले या घटनेचे महत्त्व कळून येते.

निवड झाली, पण तयारीस अवधी जेमतेम काही आठवड्यांचा होता. हॉटेल नुकतेच बॉस्टनच्या एका मंडळाने विकत घेतले होते. दोन हिवाळ्यांच्या बर्फाने छपरे गळत होती, नळ फुटले होते, खोल्यांतून ओल आली होती. गावातील धडधाकट तरुण युद्धावर आणि उरलेले युद्धसामग्रीच्या कारखान्यांत. तेव्हा कामास माणसे मिळावीत कोठून? सरकारने रंगारी, सुतार, नळवाले गोळा करून पाठविले, आणि त्यांनी वेळ गाठण्यासाठी जे दिसेल त्यावर पांढरा रंग फासला, जुन्या लाकडी दारांची उंची झिलई आणि पितळी कड्याही त्यातून सुटल्या नाहीत, अशी आठवण तेथे अद्याप सांगितली जाते. लष्करी पोलीस पहाऱ्यास तैनात झाले. सभागृहात ध्वनिक्षेपक एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे नेण्याचे आणि निरोप पोचविण्याचे काम आसपासच्या बालवीरांकडे, म्हणजे बॉय स्काउटांकडे, आले. शाळेच्या वयाची ती मुले. त्यांनी हातात धरलेल्या यंत्रातून जगाच्या सोन्याचे आणि कर्जाचे प्रश्न बोलले जात होते. पाहुणे खास आगगाड्यांनी येऊन उतरले तेव्हाही सर्व खोल्या तयार नव्हत्या, आणि काही मंडळींची सोय खोऱ्यातल्या दुसऱ्या हॉटेलांत करावी लागली.

याच वेळी, ब्रेटन वुड्स ज्या कोऑस परगण्यात येते त्याच परगण्यात, काही मैल उत्तरेस, स्टार्क नावाच्या खेड्याजवळ जर्मन युद्धकैद्यांची छावणी उघडली गेली होती. न्यू हॅम्पशायर राज्यातील अशी ती एकच छावणी. तेथले कैदी कागदाच्या गिरणीसाठी झाडे तोडीत असत, कारण लाकूडतोड्यांचा तुटवडा पडला होता. एकाच परगण्यात, एकाच महिन्यात, दोस्त राष्ट्रांचे प्रतिनिधी विजयानंतरच्या जगाचे मसुदे कागदावर उतरवीत होते आणि पराभूत होत चाललेल्या राष्ट्राचे शिपाई कागदासाठी लाकूड तोडीत होते. जाड जाड इतिहासग्रंथांत या दोन गोष्टी एका पानावर येत नाहीत. मला त्या एकत्रच आठवतात.

परिषदेचे कामकाज तीन आयोगांत वाटलेले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आयोग व्हाइट यांच्याकडे, पुनर्रचना व विकास बँकेचा केन्स यांच्याकडे, आणि इतर सहकार्याचा मेक्सिकोचे अर्थमंत्री एदुआर्दो सुआरेस यांच्याकडे. नाणेनिधीच्या मसुद्याची सूत्रे आपल्या हातात राहावीत आणि केन्ससारखा अजोड वक्ता बँकेच्या कामात गुंतून पडावा, अशी ही वाटणी व्हाइट यांनी जाणूनबुजून केली होती, हे बहुतेक इतिहासकारांचे मत मलाही ग्राह्य वाटते. रोज पहाटेपर्यंत समित्या चालत. सकाळी कामकाजाचे छापील पत्रक दाराशी पडे. डॉलरचे मोल सोन्याशी, औंसास ३५ डॉलर या दराने, बांधलेले होते. आता इतर नाण्यांचे मोल त्याच दराच्या आधारे ठरावयाचे होते. नाणेनिधीचे भांडवल ८८० कोटी डॉलर ठरले. त्यात अमेरिकेचा वाटा २७५ कोटी, ब्रिटनचा १३० कोटी, सोव्हिएत संघाचा १२० कोटी, चीनचा ५५ कोटी, फ्रान्सचा ४५ कोटी आणि भारताचा ४० कोटी.

आता भारताकडे वळतो. भारत त्या वेळी स्वतंत्र नव्हता, आणि तरीही ४४ राष्ट्रांत त्याचे आसन होते. शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या मंडळातील अर्थसचिव सर जेरेमी रेझमन, आणि त्यांच्यासोबत सरकारचे आर्थिक सल्लागार सर थिओडोर ग्रेगरी, हे दोघे इंग्रज. तिघे भारतीय सभासद असे: रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामण द्वारकानाथ देशमुख, पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झालेले आर. के. षण्मुखम् चेट्टी, आणि मुंबईच्या उद्योगविश्वातील अर्देशीर दाराबशा श्रॉफ, जे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबई योजने’च्या कर्त्यांपैकी एक होते.

देशमुखांचे चरित्र मराठी वाचकास अपरिचित नाही. १९१२ सालच्या मॅट्रिकमध्ये संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावणारा हा विद्यार्थी केंब्रिजला गेला, सनदी नोकरीत शिरला, मध्य प्रांत-वऱ्हाडात महसूल आणि जमाबंदीची कामे त्याने वर्षानुवर्षे केली, आणि ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. मेघदूताचे मराठीत पद्यरूपांतर करणारा हा रसिक पुरुष आकड्यांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होता. रयतेच्या एकेका शेताचा आकार ठरविताना नांगरापासून वसुलीपर्यंतचा सगळा हिशोब ज्याने पाहिला, त्याच्यापुढे आता एका संपूर्ण देशाच्या येण्याचा हिशोब होता.

हे येणे म्हणजे पौंडातील शिल्लक. युद्ध सुरू झाल्यानंतर ब्रिटिश सरकारने भारतातून धान्य, कापड, ताग, पोलाद, गुरे, माणसे, जे हवे ते घेतले. त्याची किंमत भारतात रुपयांत चुकती होई आणि ब्रिटनने भरावयाचा भाग लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांत जमा मांडला जाई. त्या जमेच्या तारणावर येथे नोटा निघत. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून त्या नोटांची रास बाहेर पडत राहिली, आणि युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहापटींहून अधिक वाढल्या. माल परदेशी गेला, नोटा येथे राहिल्या. भाव आकाशाला भिडले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि त्या दुष्काळाच्या कारणांत ही भाववाढ निश्चितपणे होती. युद्ध संपेपर्यंत ही जमा सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. युद्धापूर्वी भारत ब्रिटनचा ऋणको होता. आता तो धनको झाला. परंतु हे धन लंडनच्या वहीत होते, आणि ते कधी व कोणत्या चलनात काढावयाचे हे ठरविण्याचा अधिकार धनकोस नव्हता.

या प्रश्नाचा निकाल आंतरराष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली व्हावा, निदान या शिलकीचा काही भाग डॉलरसारख्या कोठेही चालणाऱ्या नाण्यात बदलून मिळावा, अशी दुरुस्ती भारताने मांडली. इजिप्तची स्थिती आपल्यासारखीच होती, आणि त्याने पाठिंबा दिला. श्रॉफ यांनी केलेले भाषण परिषदेच्या वृत्तांतात आहे. बँकेत दहा लाख डॉलर जमा असावेत आणि टॅक्सीचे भाडे देण्यापुरती रोकड खिशात नसावी, अशा माणसाची स्थिती तुम्ही आमच्यावर आणीत आहात, असे त्यांनी त्या थोरांच्या सभेत स्पष्ट सांगितले. परतंत्र देशाच्या प्रतिनिधीने, आपल्याच शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज असताना, इतके उघड बोलावे, याचा मला मनस्वी अभिमान वाटतो.

उत्तर द्यावयास केन्स उभे राहिले. भारताच्या चलनाचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. तरुणपणी ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस होते, आणि भारतीय चलनावर त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला होता. त्या ग्रंथातील सुवर्ण-विनिमय पद्धतीच्या पुरस्काराचे खंडन दहा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात केले होते. केन्स यांनी भारताच्या सौजन्याचे आणि युद्धकाळातील साहाय्याचे आभार मानले. परंतु हा व्यवहार ज्यांच्यात झाला त्यांनीच तो आपसांत मिटवावा, नाणेनिधीचा त्यात संबंध नाही, असे सांगितले. अमेरिकेनेही हात वर केले. दुरुस्ती फेटाळली गेली. धनको पारतंत्र्यात आणि ऋणको त्याचा राज्यकर्ता, अशा दोघांनी आपसांत मिटवावे, या न्यायाला न्याय म्हणवत नाही. केन्स यांच्या बुद्धीविषयी मला नितांत आदर आहे. या बाबतीत मात्र ते आपल्या देशाचे वकील होते, जगाचे नव्हेत, असेच म्हणावे लागते.

सगळेच विफल झाले असे नाही. मागासलेल्या देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा उल्लेख नाणेनिधीच्या उद्दिष्टांत असावा, यासाठी भारतीय प्रतिनिधींनी नेटाने प्रयत्न केला. त्यांची शब्दयोजना जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही, तरी सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द अखेरच्या मसुद्यात आले. वाट्याच्या प्रश्नावर भारतीय मंडळी समाधानी नव्हती, कारण चीनच्या तुलनेत भारतास कमी लेखले गेले असे त्यांना वाटत होते. पुढे सोव्हिएत संघाने करारास मान्यता दिली नाही, आणि त्यामुळे भारत पहिल्या पाच मोठ्या भागीदारांत गणला जाऊन कार्यकारी मंडळावर आपला संचालक स्वतः नेमण्याचा हक्क त्यास मिळाला. २७ डिसेंबर १९४५ रोजी करार अमलात आला तेव्हा सही करणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. ऑगस्ट १९४९ मध्ये पुनर्रचना व विकास बँकेने, म्हणजेच जागतिक बँकेने, भारतीय रेल्वेला ३ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यातून इंजिने आली. पौंडांच्या शिलकीचा निवाडा मात्र ऑगस्ट १९४७ पासून ब्रिटनशी वेळोवेळी स्वतंत्र करार करूनच करावा लागला.

येथे फैजपूर आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये, महात्मा गांधींच्या आग्रहावरून, खानदेशातील त्या गावी काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, आणि नंदलाल बोस यांनी आसपास मिळणाऱ्या साध्या सामग्रीतून त्याचे मंडप व कमानी सजविल्या. तेथे खेडे हे परिषदेचे प्रयोजन होते, आणि शेतकऱ्याच्या कर्जाचा व साऱ्याचा प्रश्न चर्चेच्या अग्रभागी होता. ब्रेटन वुड्स येथे खेड्याने निवारा, निसर्ग आणि श्रम पुरविले. त्याच्या शेतांविषयी, गिरण्यांविषयी किंवा ओस पडणाऱ्या घरांविषयी त्या तीन आठवड्यांत काही बोलले गेले असल्याचे आढळत नाही. राबणाऱ्याचे नाव एका ठिकाणी आणि जमा दुसऱ्याच ठिकाणी, ही जी भारताची तक्रार होती, तिची एक लहान प्रतिकृती त्या हॉटेलाच्या भटारखान्यात आणि धुलाईघरात रोज घडत होती, असे मला वाटते.

२२ जुलैच्या रात्री शेवटचे भोजन झाले. आजारी केन्स अखेरचे भाषण करून उठले तेव्हा सारे सभागृह उभे राहिले. दोन वर्षांच्या आत, २१ एप्रिल १९४६ रोजी, ते वारले. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि त्या खोऱ्यात ठरलेली चलनपद्धती संपुष्टात आली. नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था मात्र आहेत. १९८६ मध्ये हॉटेलास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, आणि करारांशी निगडित असलेली खोली प्रवाशांना दाखविली जाते.

परिषदेतील चर्चेचा शब्दशः वृत्तांत अमेरिकेच्या अर्थखात्याच्या ग्रंथालयात दुर्लक्षित पडून होता. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रॉफ, चेट्टी आणि देशमुख यांची भाषणे व हस्तक्षेप आता कोणासही वाचता येतात. अर्थशास्त्राचा आणि इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मराठी तरुणांना माझी विनंती आहे की, त्यांनी हा वृत्तांत मुळातून वाचावा, त्यातील भारतविषयक भाग मराठीत आणावा, आणि रिझर्व्ह बँकेच्या जुन्या दप्तराशी ताडून देशमुखांच्या त्या तीन आठवड्यांच्या कामगिरीचा साधार इतिहास लिहावा.